घड्याळातला चार चुकलेला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात आजेसासऱ्यांच्या काळातलं लंबकाचं घड्याळ आहे. पाचवीतल्या मुलाला शाळेत रोमन संख्याचिन्हं शिकवली आणि घरी येऊन त्याने भिंतीकडे बोट दाखवलं: पुस्तकात चार वेगळा आहे, आपल्याकडे नुसत्या चार उभ्या रेघा. मग घड्याळ बनावट आहे का, मधे कुणी तबकडी बदलली का, आणि हे आकडे आज लागतात तरी कुठे?

ताई, आधी घड्याळाचं सांगतो. निदान या चारवरून तरी ते बनावट ठरत नाही. ३६ वर्षं मी घड्याळं उघडतोय. अमेरिकन अन्सोनिया असो नाहीतर जर्मन युंगहान्स, आपल्याकडच्या वाड्यांतून येणाऱ्या जुन्या घड्याळांवर चार बहुतेक वेळा चार रेघांचाच असतो. उलट तिथे पुस्तकातला चार दिसला की मी भिंग डोळ्याला लावतो, मधे कुणाचा हात फिरलाय का ते बघायला.

पुढे मी चिन्हं न काढता अक्षरांची नावंच लिहितो. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. या सातांवरच सगळा कारभार. पुस्तकातला चार म्हणजे आय-व्ही, पाचाच्या आधी एक, म्हणून एक कमी. तुमच्या भिंतीवरचा चार म्हणजे आय-आय-आय-आय.

त्या चाराकडे नीट बघायला मी एका चुकीमुळे शिकलो. दुकान टाकून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका आजींचं अन्सोनिया आलं. या घड्याळांची तबकडी पुष्कळदा कागदी असते, जस्ताच्या पत्र्यावर चिकटवलेला छापील कागद. मशीन साफ केलं, तुटलेली कमान बदलली, टोले जुळवले. मग उत्साहाच्या भरात ओल्या कापसाने तबकडी पुसायला गेलो आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातली शाई कापसावर आली. चार गेला. रात्री दुकान बंद करून बारीक ब्रश घेऊन बसलो आणि शाळेत शिकलो होतो तसा सुबक आय-व्ही काढून दिला. आजींनी घड्याळ बघितलं, चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, ‘‘टोले बरोबर पडतायत रे, पण आमचा चार कुठे गेला?’’

पैसे घेतले नाहीत हे सांगायला नको. दुसऱ्या एका अन्सोनियाची तबकडी समोर ठेवून चार रेघा पुन्हा ओढल्या. तेव्हा लक्षात आलं की तबकडीवरचे आकडे आपल्याकडे तोंड करून उभे नसतात. सगळ्यांचे पाय मधल्या आसाकडे असतात. त्यामुळे बारा सरळ दिसतो आणि चार ते आठ हे आकडे आपल्याला उलटे दिसतात. आता कागदावर आय-व्ही काढून कागद उलटा फिरवा. व्हीची डोक्यावर उभी राहिलेली टोपी आधी येते आणि आय नंतर. म्हणजे जवळजवळ सहाच दिसतो, आणि खरा सहा दोनच घरं पलीकडे उलटा लटकलेला. अंधाऱ्या माजघरात, लांबून, कंदिलाच्या उजेडात घड्याळ बघणाऱ्याची फसगत व्हायला एवढं पुरे. चार रेघा मात्र कशाही फिरवा, त्या चारच राहतात.

माझ्या मते हेच यातलं सगळ्यात पटणारं कारण. बाकी कारणंही सांगतात आणि त्यातली एक-दोन गोड आहेत. एक म्हणजे तोल. समोरच्या बाजूला आठ आहे, व्ही-आय-आय-आय, चांगला रुंद आणि काळा. त्याच्या तोलाला नाजूक आय-व्ही हलका पडतो. शिवाय चार रेघांचा चार घेतला की तबकडीचे तीन सारखे तुकडे पडतात: पहिल्या चार आकड्यांत फक्त आय, पुढच्या चारांत व्ही आणि शेवटच्या चारांत एक्स.

दुसरं कारण ओतकामाचं. मुलाला हा हिशेब करायला लावा, त्याला मजा येईल. चार रेघांचा चार धरला तर पूर्ण तबकडीला २० आय, ४ व्ही आणि ४ एक्स लागतात. म्हणजे ५ आय, १ व्ही आणि १ एक्स असा एक साचा केला आणि चारदा धातू ओतला की सगळे आकडे तयार, एकही वाया नाही. आय-व्ही घेतला तर १७ आय आणि ५ व्ही होतात आणि सगळं गणित फिसकटतं. हिशेब चोख आहे, पण छापलेल्या कागदाला आणि रंगवलेल्या तबकडीला साचा लागतोच कुठे? तिथेही चार रेघाच असतात. म्हणून हे कारण मी अर्धंच मानतो. तिसरी गोष्ट फ्रान्सच्या पाचव्या चार्ल्स राजाची. त्याने म्हणे घड्याळजीला दटावलं की माझ्या नावातल्या व्हीमधून एक वजा करायचा नाही. गिऱ्हाईकाला चहा येईपर्यंत सांगायला ही दंतकथा बरी.

खरं तर राजाची गरजच नाही. खुद्द रोमन लोक चार रेघा लिहीत होते. रोमच्या कलोसियमच्या दारांवर क्रमांक कोरलेले आहेत. त्यातल्या ४४ व्या दारावर चाळीस लिहिलाय एक्स-एल, म्हणजे पन्नासातून दहा वजा करून, आणि पुढचा चार मात्र चार रेघांचा. एकाच आकड्यात दोन्ही पद्धती! मुलाच्या पुस्तकातला ‘एकच चिन्ह तीनपेक्षा जास्त वेळा लागोपाठ लिहायचं नाही’ हा नियम पुढे पक्का होत गेला. घड्याळवाल्यांनी जुनी चाल सोडली नाही, इतकंच. सगळ्यांनी धरून ठेवली असंही नाही. लंडनच्या बिग बेनवर आय-व्हीच आहे.

मनगटी घड्याळांचं एक सांगून टाकतो. कार्टिए या फ्रेंच कंपनीच्या रोमन आकड्यांच्या बऱ्याच घड्याळांत सातच्या व्हीची एक रेघ म्हणजे खरं तर रेघ नसते. भिंगातून पाहिलं तर तिथे कंपनीचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं. काही मॉडेलांत ते दहाच्या एक्समध्ये असतं. नकली मालात ती अक्षरं फुटलेली तरी असतात नाहीतर रेघ कोरीच असते. घड्याळ समोर आलं की काटे बघायच्या आधी मी सात बघतो.

आता तुमच्या मुलाच्या अभ्यासाचं. मराठी मुलं रोमन आकड्यांत एक ठरावीक चूक करतात, आणि ती आपल्या भाषेतून येते. एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. म्हणून पोरगं लिहितं आय-एक्स-एक्स. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, म्हणून आय-एल. डोकं बरोबर चाललेलं असतं हो! गंमत म्हणजे लॅटिन बोलणारेही तसंच म्हणायचे. त्यांच्याकडे १९ म्हणजे ‘उन्देविगिंती’, विसातून एक. अठरालाही ते विसातून दोन म्हणायचे. पण बोलणं वेगळं आणि आजची लिहिण्याची रीत वेगळी. लिहिताना दशक वेगळं आणि एकक वेगळा काढायचा. १९ म्हणजे आधी दहा, मग नऊ: एक्स, आय-एक्स. ४९ म्हणजे आधी चाळीस, मग नऊ: एक्स-एल, आय-एक्स. आयला वजा व्हायची मुभा फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्सला फक्त एल आणि सीच्या आधी, सीला फक्त डी आणि एमच्या आधी. व्ही, एल, डी ही पाचाच्या घरातली मंडळी कधीच वजा होत नाहीत. ‘एकोण’ विसरून आकडा फोडायची सवय लागली की पोरगं चुकत नाही.

सरावाला वही नको, त्याला गेटवे ऑफ इंडियाला घेऊन जा. कमानीवर इंग्रजीत कोरलंय की राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी इथे उतरले त्याची ही आठवण. राजाच्या नावापुढे नुसता व्ही आहे आणि तारीख आहे दोन डिसेंबर, एम-सी-एम-एक्स-आय. एम हजार, सी-एम नऊशे, एक्स-आय अकरा. १९११. राजाराणी उतरले तेव्हा ही दगडी कमान नव्हतीच, ती पुरी झाली १९२४ मध्ये. दिल्लीला गेलात तर इंडिया गेटवर ‘इंडिया’ या शब्दाच्या एका बाजूला एम-सी-एम-एक्स-आय-व्ही आणि दुसऱ्या बाजूला एम-सी-एम-एक्स-आय-एक्स आहे. शेवटच्या एका अक्षराने १९१४ चं १९१९ होतं. महायुद्ध १९१८ ला थांबलं, तरी तिथे १९१९ आहे, कारण त्या साली झालेल्या अफगाण युद्धातले सैनिकही त्यात धरलेत.

घरात जुनी नाणी असतील तर तीही काढा. एडवर्ड सातवा म्हणजे व्ही-आय-आय, जॉर्ज पाचवा व्ही, जॉर्ज सहावा व्ही-आय. दुकानात लोक नाणी घेऊनही येतात, जणू घड्याळजी म्हणजे सगळ्या जुन्या वस्तूंचा डॉक्टर. झिजलेल्या रुपयावर व्हीच्या पुढचा आय पुसला गेला की सहाव्या जॉर्जचा पाचवा होतो. अशा वेळी साल बघायचं. पाचवा जॉर्ज वारला १९३६ मध्ये. त्यापुढचं साल असेल तर नाणं सहाव्याचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हे आकडे आज लागतात कुठे. हिशेबाला कुठेच नाही. तेवीस गुणिले एकोणीस रोमन आकड्यांत मांडून बघा, दुसऱ्या ओळीत हात टेकाल. त्यात शून्य नाही आणि जागेप्रमाणे किंमत बदलत नाही, तर हातचा घेणार कुठून? रोमन लोक स्वतःही हिशेब पाटीवर खडे सरकवून करायचे आणि आलेलं उत्तर या आकड्यांत नोंदवायचे. आपल्याकडून अरबांमार्फत गेलेले आकडे फिबोनाची या गणितज्ञाने १२०२ मध्ये इटलीत समजावून सांगितले. तरी १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना वह्यांत ते वापरायला मनाई केली. शून्याला शेपूट काढलं की सहा किंवा नऊ होतो, ही भीती त्यामागे होती असं म्हणतात. पण लबाडी काय रोमन आकड्यांत होत नाही? तीन रेघांना चौथी जोडायला कितीसा वेळ लागतो! म्हणून युरोपात जुने वैद्य आणि कारकून शेवटच्या आयला खाली शेपूट काढून त्याचा जे करायचे. शेपटी आली की आकडा संपला, पुढे काही जोडलं तर ते लबाडीचं.

मग हे आकडे टिकले कशावर? माझं म्हणणं असं आहे की आज ते संख्या म्हणून वापरात नाहीत, नाव म्हणून आहेत. त्यातही जिथे साधे आकडे आधीच एका कामाला लागलेत आणि शेजारी दुसरी क्रमवारी हवी, तिथे ते हमखास दिसतात. घड्याळाचंच बघा. रोमन आकड्यांच्या कित्येक तबकड्यांवर तास रोमन आणि मिनिटं साध्या आकड्यांत असतात. नजर गोंधळत नाही.

सातबारा घ्या. आपण ‘सातबारा’ म्हणतो ते गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. महसुलाच्या इंग्रजी कागदांत ते रोमन आकड्यांत येतात: व्ही-आय-आय आणि एक्स-आय-आय. फेरफाराची नोंदवही नमुना सहा, म्हणून व्ही-आय. खातेउतारा आठ-अ, म्हणून व्ही-आय-आय-आय आणि पुढे ए. त्याच कागदावर गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार असे साध्या आकड्यांचे ढीग असतात. नमुन्याचा नंबर रोमन असला की तो त्यांत हरवत नाही. कोर्टाचा इंग्रजी निकाल हातात घेऊन ‘हे व्ही-आय-आय-एक्स-आय-आय काय आहे’ असं विचारत फिरणारे शेतकरी मी पाहिलेत, आणि त्यांच्या पिशवीत सातबाऱ्याचा उतारा असतोच.

राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीतही हीच व्यवस्था आहे. भाग रोमन आकड्यांत, अनुच्छेद साध्या. मूलभूत हक्क भाग आय-आय-आय मध्ये, पण समानतेचा अनुच्छेद १४. पुस्तकांचंही तसंच. छापखान्यात मूळ मजकूर आधी जुळवला जायचा, त्याला एकपासून पानं पडायची आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी यायची. ती किती पानांची होईल कुणाला माहीत? म्हणून इंग्रजी पुस्तकात तिला छोट्या लिपीतले रोमन आकडे. मराठी प्रकाशकांनी त्यावर स्वतःची तोड काढली, ती मला फार आवडते. आपल्या बऱ्याच पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांवर ‘एक’, ‘दोन’, ‘अकरा’ असं अक्षरी लिहिलेलं असतं. काम तेच, उधारी नाही.

मुलगा नववी-दहावीत गेला की रसायनशास्त्रात हे आकडे पुन्हा भेटतील. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण कॉपरपुढे कंसात आय-आय लिहितात. ते दोन म्हणजे तांब्याचे दोन अणू नव्हेत, त्या संयुगातली तांब्याची ऑक्सिडेशन अवस्था, म्हणजे ढोबळपणे तांब्याच्या अणूने किती इलेक्ट्रॉन दिलेत ते. अणू मोजायला साधे आकडे आधीच वापरात आहेत ना, म्हणून ही सोय.

रक्ताच्या गुठळीचं उदाहरण मला एका डॉक्टर गिऱ्हाईकाने दिलं, तेव्हापासून मी ते सगळ्यांना सांगतो. रक्त गोठवणाऱ्या घटकांना एक ते तेरा असे रोमन क्रमांक आहेत. आठवा कमी असला की हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, नववा कमी असला की हिमोफिलिया बी. आणि त्या यादीत सहावा नाहीच! ज्याला सहावा म्हटलं तो पाचव्याचंच बदललेलं रूप निघाला, म्हणून तो गाळला. पण सातव्याला कुणी सहावा केलं नाही. मोजणी असती तर केलं असतं. नाव एकदा पडलं की पडलं.

ऑलिंपिकचंही तसंच. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते एक्स-व्ही, म्हणजे पंधरावं ऑलिंपियाड. पण ती धरूनही प्रत्यक्षात स्पर्धा झाल्या होत्या बाराच. १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा युद्धामुळे झाल्याच नाहीत, तरी त्यांचे क्रमांक धरलेले आहेत. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं ते तेहेतिसावं, एक्स-एक्स-एक्स-आय-आय-आय. सहा अक्षरं. त्यापुढच्या लॉस एंजेलिसला पाचच पुरतील. का, ते मुलालाच सांगू दे.

परीक्षेत चार विचारला तर त्याने पुस्तकातला आय-व्हीच लिहावा. घड्याळातला चार लिहून गुण गेले तर बाईंशी भांडायला जाऊ नका, त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत. जमलं तर भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो मात्र वर्गात दाखवायला द्या.

आणि घड्याळ खरंच किती जुनं हे बघायचं असेल तर चार सोडून इतर गोष्टी बघा. दार उघडून, लंबक काढून मागच्या लाकडावर आतून कागदी लेबल राहिलंय का ते पाहा. मशीनच्या पितळी पत्र्यावर कंपनीचा शिक्का असतो. तबकडीच्या कडेला एका बाजूने कागद उचललाय का ते नखाने न खरवडता, नुसतं तिरक्या उजेडात बघा. कागदी निघाली तर तिला पाणी, कॉलिन, ओलं फडकं काही लावू नका. कोरडा मऊ ब्रश, तोही हलक्या हाताने, आणि चारच्या आसपास जरा जास्तच जपून.